डॅन्यूब की कामार्ग? बांधावरून पक्षी पाहणाऱ्याचं मत

युरोपातली एकच पाणथळ जागा बघायची असेल तर कुठली, ऱ्होनच्या मुखाशी फ्रान्समधलं कामार्ग की डॅन्यूबच्या मुखाशी रोमानियातला त्रिभुज प्रदेश, असं पक्षी पाहणारी मित्रमंडळी अधूनमधून विचारतात. मी दोन्हीकडे जाऊन आलोय आणि दोन्हीकडे पुन्हा जायला आवडेल. तरीही पैसे एकाच तिकिटाचे असतील तर ते कुठलं काढेन हे मला पक्कं माहीत आहे. फक्त त्यामागचं कारण फारसं भारदस्त नाही. ज्यांचा प्रवास यादीतल्या नव्या नावांवर चालतो त्यांना ते हास्यास्पदही वाटेल.

स्पेनमधलं एब्रोचं मुख मी मुद्दाम बाजूला ठेवतोय. जागा छान आहे, पण भातशेती, मिठागरं, फ्लेमिंगो असं तिथलं बरंचसं कामार्गलाही दिसतं, आणि तिघांची तुलना करत बसलो तर कुणालाच न्याय मिळणार नाही.

आपल्याकडे पाणपक्षी बघणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन पंथ आहेत. एक भिगवणवाल्यांचा: पहाटे कुंभारगावला नाहीतर डिकसळला पोचायचं, नावेत बसायचं आणि पक्ष्यांपर्यंत जायचं. दुसरा नांदूरमध्यमेश्वरवाल्यांचा: काठावर किंवा मनोऱ्यावर ट्रायपॉड रोवायचा, स्कोप, म्हणजे तिवईवरची एकडोळी मोठी दुर्बीण, लावायचा आणि पक्षी आपल्या वाटेने येईपर्यंत बसून राहायचं. बहुतेक जण दोन्ही करतात, पण मनातून प्रत्येक जण एकाच पंथाचा असतो. आपण कुठले, हे आधी ठरवून टाका. निम्मा निर्णय तिथेच होतो. मी बांधावरचा माणूस आहे.

आता डॅन्यूबची बाजू. ती खरोखर जड आहे. तुलचा या गावाजवळ नदी फुटते आणि किलिया, सुलिना, स्फंतू गेओर्गे असे तीन फाटे काळ्या समुद्राकडे जातात. मधल्या सगळ्या प्रदेशात तळी, कालवे आणि बोरूचं रान आहे. बोरूचा एवढा सलग पट्टा जगात दुसरा नाही असं मानतात, आणि तिथे गेल्यावर ते पटतं. उंच बोरू दोन्ही बाजूंनी, मध्ये पाणी, वर आकाश. काही ठिकाणी बोरूच्या मुळ्या एकमेकींत गुंतून जाड तरंगती बेटं बनतात. त्यांना तिथे प्लाऊर म्हणतात, आणि वारा जोरात असला तर ती जागाही बदलतात. आपण काठ समजून ज्याच्याकडे बघतो तो काठ नसतोच.

पक्ष्यांचं काय सांगावं! पांढऱ्या पेलिकनची युरोपातली सर्वांत मोठी वसाहत इथे आहे, काही हजार जोड्यांची. ती रोश्का-बुहायोव्हाच्या राखीव भागात आहे आणि तिथे कुणालाही जाता येत नाही, जायलाही नको. पण पक्षी मासेमारीला बाहेर पडतात. सकाळी ऊन तापलं की थवे गिरक्या घेत वर चढतात आणि एका रांगेत निघून जातात. डाल्मेशियन पेलिकनही घरटी करतात, पण त्यांची संख्या बरीच कमी. पिग्मी पाणकावळा हा आपल्या छोट्या पाणकावळ्याचा भाऊबंद. जगातले निम्म्याहून जास्त इथेच घरटी करतात म्हणे, आणि इथे तो इतका दिसतो की दुसऱ्या दिवसापासून आपण त्याच्याकडे बघेनासे होतो. रातबगळे, जांभळे बगळे, आपल्या वंचकाचा तिकडचा अवतार म्हणजे स्क्वाको बगळा, मोर शराटी, कल्लेदार सुरय. काठावरच्या वाळलेल्या फांदीवर नीलपंख. डोक्यावर पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड. संध्याकाळी बेडकांचा असा गजर सुरू होतो की जेवताना आवाज चढवून बोलावं लागतं.

झाडापानांच्या बाबतीत तर तुलनाच नको. डॅन्यूबचं पाणी गोडं, संथ आणि गाळाने पोसलेलं, त्यामुळे पाणवनस्पतींची नुसती चंगळ. पांढऱ्या वॉटरलिली, त्यांच्या शेजारी पिवळ्या, आणि मध्येच पानांची चांदणी पसरून बसलेला शिंगाडा. आपण उपासाला खातो त्याच प्रजातीचा. पश्चिम युरोपात तो इतका विरळ झालाय की तिकडचे वनस्पतीवाले इथे तो बघून हरखतात. अल्ड्रोव्हांडा नावाची मुळं नसलेली, पाण्यात तरंगणारी मांसाहारी वनस्पतीही इथे आहे. तिचे इवले सापळे पाण्याखाली मिटतात आणि पाणपिसवा पकडतात. मला ती दाखवली नसती तर शेवाळ म्हणून मी पुढे गेलो असतो.

आणि लेत्याचं जंगल. त्रिभुज प्रदेशाच्या उत्तरेला, समुद्राने मागे सोडलेल्या वाळूच्या पट्ट्यांवर जुने ओक उभे आहेत आणि त्यांच्यावर पेरिप्लोका ग्रीका नावाची वेल थेट शेंड्यापर्यंत चढलेली आहे. ही वेल आपल्या उपळसरीच्या उपकुळातली. वेल तोडली तर चीकही निघतो, पण तोडू नका; हे जंगल 1938 पासून संरक्षित आहे. वाळूत उगवलेल्या ओकांवर दक्षिणेकडची वेल, भोवती मोकाट घोडे, आणि दूरवर पुन्हा बोरू. युरोपात असं काही असेल याची मला कल्पना नव्हती. फक्त वनस्पती बघायला जाणार असाल तर हे पुढचं वाचायची गरज नाही, डॅन्यूबला जा.

एवढं सगळं असून मग घोडं कुठे अडलं? बोटीपाशी.

डॅन्यूबच्या मुखात चालायला जमीनच थोडी. लेत्या, काराओरमान यांसारखे वाळूचे पट्टे सोडले तर सगळं पाहणं पाण्यावरून. तुलचाहून सार्वजनिक प्रवासी बोट सुलिनाकडे, स्फंतू गेओर्गेकडे जाते. ती संथ आणि मजेची आहे, पण ती मुख्य फाट्यातून जाते, तळ्यांत शिरत नाही, आणि प्रत्येक ठिकाणी रोज जात नाही. तळ्यांत जायचं तर फायबरची लहान बोट, मागे आउटबोर्ड इंजिन, सोबत दुसरे पाहुणे. आणि मग सुरू होतं ते असं: बोट सुसाट निघते, कालव्याच्या वळणावर कलते, पाण्याची लाट दोन्हीकडच्या बोरूवर आपटते. पुढे कुठेतरी पेलिकन दिसतात. नावाडी इंजिन मंद करतो, सगळ्यांचे मोबाइल वर येतात, पेलिकन उडतात, सगळे खूश होतात, इंजिन पुन्हा गुरगुरतं. पक्षी दिसला, पण तो काय करत होता ते कुणीच बघितलं नाही.

माझा स्कोप त्या सगळ्या मुक्कामात पिशवीतच राहिला. बोटीवर ट्रायपॉड उभा करून काही होत नाही. इंजिन बंद असलं तरी पाणी हलतं आणि मोठ्या भिंगातून पक्षी पेंगुळलेल्या माणसाच्या मानेसारखा वरखाली होत राहतो. नुसत्या दुर्बिणीने जेवढं जमतं तेवढं बघायचं. ऊन कुठल्या बाजूने हवं, किती वेळ थांबायचं, कधी मागे फिरायचं, यातलं काहीच आपल्या हातात नाही. आणि नावाड्याला तरी काय म्हणणार? त्याला पुढच्या फेरीची वेळ गाठायची असते आणि मागच्या बाकावरच्या मुलाला वेग हवा असतो.

सगळ्यात जास्त खटकली ती लाट. कल्लेदार सुरय तरंगत्या पानांवर, पाणवनस्पतींच्या गादीवर घरटं करतो. अरुंद कालव्यातून भरधाव बोट गेली की ती गादी वरखाली झोके घेते आणि सगळे सुरय एकदम ओरडत वर उठतात. वेगाचे नियम आहेत, पाट्याही आहेत. आम्ही ज्या बोटीत होतो तिने ते पाळले असं म्हणणं धाडसाचं होईल. मी हळू चालवायला सांगितलं, नावाडी हसून हो म्हणाला, आणि पुढच्या वळणापर्यंत हळू चालवलं. त्यानंतर मी पक्षी कमी आणि लाटा जास्त बघत राहिलो. एका पक्षीनिरीक्षकाची सहल बिघडवायला एवढं पुरतं.

इथे दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे, कारण या प्रश्नावर त्या भागातल्याच एका माणसाने उत्तर काढलं होतं. इव्हान पात्झाइकिन हा मिला 23 नावाच्या गावात, लिपोव्हान लोकांत वाढलेला कनू शर्यतपटू. लिपोव्हान म्हणजे अठराव्या शतकात धर्ममतभेदांमुळे रशियातून निघून इथे आलेले लोक. मासेमारी आणि लाकडी होड्या हे त्यांचं जग. पात्झाइकिनने 1968 ते 1984 या काळात ऑलिंपिकची 4 सुवर्णपदकं मिळवली, आणि निवृत्त झाल्यावर इंजिनाऐवजी वल्ही, हा हट्ट धरला. तिकडच्या पारंपरिक लोत्का होडीचा आणि कनूचा मेळ घालून त्याने कानोत्का नावाची पर्यटकांना वल्हवता येईल अशी होडी पुढे आणली. 2021 मध्ये तो वारला. वल्ह्याच्या होडीतून दोन-तीन तास फिरायला मिळाले तर डॅन्यूबचा त्रिभुज प्रदेश पूर्ण वेगळा दिसतो, हे मी अनुभवाने सांगतो. खंड्या होडीच्या टोकावर येऊन बसायचाच काय तो बाकी राहतो. मिला 23, क्रिशान अशा गावांत राहून, आधी बोलून ठेवून, रोज वल्ह्याच्या होडीची सोय करता आली तर माझं निम्मं गाऱ्हाणं संपतं. पण मी गेलो तेव्हा ती सोय सुटीसुटी मिळाली, मागितली की मिळाली असं झालं नाही. आणि स्कोपचा प्रश्न होडीतही तसाच.

कामार्गला हे सगळं उलटं. तिथे तुम्ही बहुतेक वेळ स्वतःच्या पायावर किंवा सायकलवर असता. आर्ल गावापाशी ऱ्होनचे दोन फाटे होतात, आणि त्यांच्या मध्ये व्हाकारेस हे मोठं उथळ तळं, भातखाचरं, खारट माळरानं, मिठागरं. समुद्राच्या बाजूने 1850 च्या दशकाच्या शेवटी बांधलेला एक लांब बांध आहे. त्यावर गाड्यांना बंदी. एका हाताला व्हाकारेसच्या बाजूची खारी तळी, दुसऱ्या हाताला समुद्राकडची, मध्ये गाशोलचा दीपस्तंभ. मी तिथे वाटेल तिथे ट्रायपॉड उभा करायचो. शेकाट्ये, उचाट्ये, बारक्या चोचीचे गल, आणि फ्लेमिंगो. कुणीही घाई करत नव्हतं. कंटाळा आला की मी दहा पावलं पुढे जायचो.

फ्लेमिंगोचं नाव काढलं की लगेच कुणीतरी म्हणतं, अहो ते तर उजनीला दिसतात, त्यासाठी फ्रान्सला कशाला जायचं? प्रश्न रास्त आहे. उजनीच्या बॅकवॉटरवर येतात तेच मोठे रोहित कामार्गला आहेत, प्रजातीत फरक नाही. पण आपल्याकडे ते येतात खायला. वीण कच्छच्या रणात, तीसुद्धा पाणी मनासारखं असलं तर, आणि तिथवर सामान्य माणूस पोचत नाही. कामार्गला हिवाळ्यात, साधारण डिसेंबरपासून मार्चपर्यंत, त्यांचा सामूहिक नाच चालतो. शेकड्यांनी पक्षी एकमेकांना चिकटून माना ताठ करतात, डोकी घड्याळाच्या लंबकासारखी डावीउजवीकडे हलवत झपझप चालतात, मध्येच एखादा पंख उघडून काळा आणि लालबुंद रंग दाखवून मिटतो. सँत-मारी-द-ला-मेर या समुद्रकाठच्या गावाजवळ पाँ द गो नावाचं पक्षी उद्यान आहे, 1949 पासूनचं. तिथे हे काही मीटरवरून बघता येतं. नावात उद्यान असलं तरी तिथले फ्लेमिंगो मोकळे आहेत. तिकीट काढून आत जायला मीही आधी नाक मुरडलं होतं. भिगवणला मला रोहित इतक्या जवळून, इतका वेळ आणि आपल्याच नादात कधी बघायला मिळाला नाही.

माझ्यापुरता निर्णय मात्र त्यांच्या पायांवरून झाला. कामार्गमध्ये तूर दु व्हाला नावाची संशोधन संस्था आहे, लुक हॉफमन यांनी 1954 मध्ये सुरू केलेली. त्यांनी 1977 पासून फ्लेमिंगोच्या पिल्लांच्या पायात प्लॅस्टिकची कडी घालायला सुरुवात केली. उन्हाळ्यात, पिल्लं चालायला लागली पण उडायला नाही अशा दिवसांत, शेकडो स्वयंसेवक पहाटे पाण्यात उतरून त्यांना हाकत कुंपणात आणतात. कड्यावरची अक्षरं इतकी ठळक असतात की चांगल्या स्कोपमधून दुरूनही वाचता येतात. म्हणजे पक्ष्याला न पकडता ओळखता येतं. मी बांधावर बसून पाय बघत राहायचो. पक्षी एका पायावर उभा, कडं पाण्याखाली, वाट बघा. दुसरा पाय वर आला, कडं नाही. एखादं मिळालं की अक्षरं लिहून घ्यायची आणि कळवायची. मग उत्तर येतं: हा पक्षी कुठे जन्मला, कुठल्या साली, त्यानंतर कुठे कुठे दिसला. त्यातल्या एकाने स्पेन आणि उत्तर आफ्रिका पालथी घातली होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा स्कोप घेतला त्याच्या कितीतरी आधीपासून तो उडत होता. फ्लेमिंगो चाळीस वर्षांपर्यंतही जगतात, त्यामुळे हे काही नवल नाही, पण मला ते नवल वाटलं. बोटीत बसून हे कधीच जमलं नसतं.

या फ्लेमिंगोंच्या मागे माणसाचा हात किती आहे हेही सांगायला हवं, कारण डॅन्यूबप्रेमी नेमका तिथेच टोमणा मारतात. साठच्या दशकात इथली वीण बंद पडली होती. 1970 मध्ये फांगास्ये तळ्यात त्यांच्यासाठी मातीचं बेट बांधलं, आणि 1974 पासून ते तिथे नियमित घरटी करू लागले. पुढे ती वसाहत एग-मोर्तच्या मिठागरांकडे सरकली. कामार्गचं पाणी म्हणजे पंप, पाट आणि दारं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळानंतर भातशेती वाढली तीही जमिनीतला खार धुऊन काढायला उपयोगी पडते म्हणून. भातासाठी नदीचं गोडं पाणी आत घेतलं जातं आणि वापरून झालेलं व्हाकारेसपर्यंत पोचतं. तेव्हा 'हे काय रान आहे का, ही तर बाग' असं कुणी म्हणालं तर मी वाद घालत नाही.

फक्त डॅन्यूबही अस्पर्श नाही, एवढं म्हणतो. सुलिनाचा फाटा जहाजांसाठी वळणं छाटून सरळ केला, ते काम 1902 पर्यंत चाललं. रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या राजवटीत 1983 पासून तर हा प्रदेश बांध घालून, पाणी उपसून शेतीखाली आणायची मोठी योजनाच होती. 1989 मध्ये ती राजवट पडली, 1990 मध्ये राखीव जीवावरण क्षेत्र झालं, पुढच्या वर्षी जागतिक वारसा. त्यानंतर बाबिना आणि चेर्नोव्का या बेटांचे बांध 1994 आणि 1996 मध्ये फोडून पाणी पुन्हा आत घेतलं गेलं. कामार्गलाही असंच काहीसं चाललंय: जुन्या मिठागरांचा मोठा भाग 2008 पासून किनारा संवर्धनासाठी विकत घेतला गेला आणि तिथे समुद्राला हळूहळू आत येऊ दिलं जातंय. माणसाने आधी अडवलेलं पाणी पुन्हा सोडायचं, हे दोन्हीकडे सारखंच.

कामार्गचे काटे कमी नाहीत. पहिला म्हणजे कुंपणं. बरीच जमीन खासगी: बैल पाळणारे, भात लावणारे, शिकारीच्या पाणथळी राखणारे. रस्त्याच्या कडेने तारा आणि पाट्या. छान तळं दिसतं, त्यावर जांभळा बगळा दिसतो, आणि तुम्ही गाड्यांच्या वाऱ्यात कडेला उभे. हिवाळ्यात बदकांची शिकार चालते आणि फ्लेमिंगोचा नाच बघताना मागे बंदुकीचे आवाज येतात. त्याच शिकाऱ्यांच्या पैशाने कितीतरी तळी भरलेली राहतात, हा त्यातला तिढा. दुसरा काटा म्हणजे मिस्त्राल वारा. उत्तरेकडून येतो आणि दिवसेंदिवस थांबत नाही. तिकडच्या गुराख्यांच्या जुन्या झोपड्यांची वायव्येकडची बाजू गोल बांधलेली असते ती याच्यामुळे. मिस्त्राल सुटला की ट्रायपॉड थरथरतो, आणि मी बोटीला दिलेल्या शिव्या मला परत घ्याव्या लागतात. फरक एवढाच, की वारा पडतो, आणि तोवर आडोशाला ला कापेल्येरच्या लपणात किंवा भिंतीमागे बसता येतं.

डासांच्या बाबतीत बरोबरी. डॅन्यूबवर संध्याकाळ झाली की दारं बंद. कामार्गच्या काही भागात 2006 पासून डासांच्या अळ्यांवर जिवाणूंपासून बनवलेलं औषध फवारतात. तिथल्याच संशोधकांना असं दिसलं की फवारलेल्या भागात हाऊस मार्टिन या पाकोळीसारख्या पक्ष्यांना कीटक कमी मिळतात आणि त्यांची पिल्लंही कमी जगतात. हे वाचल्यापासून मी डासांबद्दल जरा कमी कुरकुरतो, पण लांब बाह्यांचा शर्ट सोडत नाही.

झाडांचा विषय निघाला तेव्हा मी कामार्गवर थोडा अन्याय केला. तिथे विविधता कमी, पण खाऱ्या जमिनीची स्वतःची शिस्त आहे. जमीन वीतभर उंच झाली की झाड बदलतं. पाण्याकाठी सॅलिकॉर्नियाचे रसाळ दांडे, शरद ऋतूत लाल पडणारे. जरा वर समुद्री लॅव्हेंडरची जांभळी फुलं, गोड्या पाण्याच्या पाटाशी झाऊची झुडपं आणि पिवळे आयरिस. मिठागरांचं पाणी तर गुलाबी दिसतं, कारण अतिखाऱ्या पाण्यात डुनालिएला नावाचं सूक्ष्म शैवाल वाढतं. ते आर्टेमिया कोळंबी खाते, कोळंबी फ्लेमिंगो खातो, आणि तो रंग पिसांपर्यंत चढतो. डॅन्यूबवर वनस्पती बघायला वेळ पुरत नाही. कामार्गला चार वनस्पती ओळखल्या की पायाखालची जमीन किती खारट आहे ते सांगता येतं, आणि मला अशी छोटी शहाणपणं आवडतात.

सस्तन प्राण्यांसाठी यातल्या कुठेच खास जाऊ नका. डॅन्यूबला कोल्हेकुई ऐकू येते, तो आपलाच कोल्हा. कामार्गचे पांढरे घोडे जन्मताना काळपट असतात आणि मोठे होता होता पांढरे पडतात. ते आणि काळे बैल फोटोत छान येतात.

एका पक्ष्यापायी मात्र माझा तराजू एकदा जवळजवळ उलटा झुकला होता. भोरडी. पळस मैना म्हणा हवं तर. आपल्या ज्वारीच्या शेतांवर, संध्याकाळी धुरासारख्या उठणाऱ्या त्या गुलाबी-काळ्या थव्यांचं काय होतं पुढे? एप्रिलपर्यंत त्या निघून जातात, आणि त्यांच्या विणीच्या मुलखाचं पश्चिम टोक डॅन्यूबच्या मुखाला लागून असलेल्या दोब्रोजाच्या माळांवर येतं. टोळ भरपूर असले त्या वर्षी तिथे दगडांच्या ढिगांत आणि खाणींत शेकड्यांनी घरटी करतात. नसले तर येतही नाहीत. मे अखेरीला तिथल्या एका दगडी उतारावर भोरड्यांची धांदल बघताना मला सोलापूरकडचं रान आठवलं नसतं तरच नवल. आणि ते बघायला बोट लागली नाही. माळावर उभं राहून, स्कोप लावून, निवांत. म्हणजे डॅन्यूबला मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट त्रिभुज प्रदेशाच्या बाहेरच होती, हेही माझ्या मताबद्दल काहीतरी सांगतं.

खाण्याचं थोडक्यात. डॅन्यूबवर मासे, मासे आणि माशांचं आंबट सार. मत्स्यप्रेमी कोकणी माणूस तिथे सुखाने राहील, फक्त स्टर्जनची गाबोळी विचारू नका. नदीवरच्या धरणांनी त्या माशांच्या वाटा अडवल्या, आणि रोमानियात 2006 पासून त्यांच्या मासेमारीवर बंदी आहे. शाकाहाऱ्यांना मक्याच्या पिठाची मामालिगा आणि चीज यावर दिवस काढावे लागतात. कामार्गला तिथलाच तांदूळ मिळतो, त्यामुळे भात तरी नक्की. खर्चाचं म्हणाल तर रोमानियात राहणं स्वस्त पडलं, पण वाचलेले पैसे बोटींनी खाल्ले. व्हिसाची जुनी अडचण आता उरलेली नाही: 2025 च्या जानेवारीपासून रोमानिया पूर्णपणे शेंगेनमध्ये आहे, म्हणजे एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं. हे आधी झालं असतं तर हा लेख लिहायची गरजही कमी पडली असती.

तेव्हा असं करा. मे-जूनमध्येच सुट्टी मिळत असेल, नवे पक्षी हवे असतील, नावेत तासन्‌तास बसायला हरकत नसेल, तर डॅन्यूबला जा, आणि मनात कसलीही रुखरुख ठेवू नका. तुलचात फार न थांबता आतल्या गावात मुक्काम करा, निघण्याआधीच वल्ह्याच्या होडीबद्दल विचारा, राखीव क्षेत्राचा प्रवेश परवाना घ्या, आणि जोडून दोन दिवस दोब्रोजासाठी ठेवा. स्कोप न्यायचा तो त्या दोन दिवसांसाठी. इमेज स्टॅबिलायझेशनची दुर्बीण कुणाकडून उसनी मिळाली तर बोटीवरचा निम्मा त्रास वाचतो.

पण स्कोप घरी ठेवायचा या कल्पनेनेच जीव खालीवर होत असेल, एकाच पक्ष्याकडे अर्धा तास बघणं हा वेळेचा अपव्यय वाटत नसेल, तर कामार्ग. फेब्रुवारी अखेर ते एप्रिल हा माझा आवडता काळ: सुरुवातीला फ्लेमिंगोचा नाच, शेवटी स्थलांतर करून येणारे, आणि डास अजून अंगावर आलेले नसतात. गाडी आर्लला भाड्याने घ्या, पण समुद्रबांधासाठी सायकलच बरी, आणि सकाळी निघताना वाऱ्याची दिशा बघून घ्या. मिस्त्राल पाठीवर घेऊन गेलात तर येताना तो तोंडावर येतो.